तुम्ही विचारलेत म्हणून: पडदा मी का काढला

‘तुमच्या टेबलावर डीएमचा पडदा का नाही?’ हा प्रश्न कोल्हापुरात, राजारामपुरीत, आमच्या रविवारच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या खेळाला येणारा जवळजवळ प्रत्येक नवा खेळाडू विचारतो, आणि पुण्याहून कोणी आला असेल तर ‘म्हणजे तुम्ही गोष्टीपेक्षा नियमांना मोठे मानता’ हा निकालही तो प्रश्नाबरोबरच देऊन टाकतो. या खेळात प्रत्येक खेळाडू एकेक पात्र चालवतो; डीएम म्हणजे गोष्ट सांगणारा, राक्षसांचे फासे टाकणारा आणि निकाल देणारा पंच, आणि पडदा म्हणजे त्याचे फासे झाकणारा आडोसा. आजवर मी हसून विषय बदलत आलो. मी नियमांचा भक्त नाही. कुस्तीच्या गावात राहूनही या खेळातले झटापटीचे नियम मी अजून धड वाचलेले नाहीत.

फासा मोठा की पंचाचा विवेक, हा वादही आपण सुरू केलेला नाही. गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये आला. त्याच्या दीडशे वर्षे आधी, १८२४ मध्ये, प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ याने फासे आणि कोष्टके यांवर चालणारा युद्धखेळ आणला होता, आणि १८७६ मध्ये व्हेर्डी दु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने ती कोष्टके बाजूला सारून निकाल अनुभवी पंचाच्या विवेकावर सोपवावा असे मांडले. मी पूर्वी या पंचाच्या पक्षात होतो आणि कट्टर होतो. फासा हा गोष्टीचा नोकर आहे, त्याने मालकासारखे वागू नये, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकवले आहे की आमच्यातली जुनी मंडळी आजही ते माझ्याच आवाजात म्हणून दाखवतात.

मग तो रविवार आला. आठ महिने चाललेली कँपेन, म्हणजे रविवारमागून रविवार पुढे जाणारी एकच गोष्ट, शेवटाला आली होती, बाहेर पाऊस होता, आणि आमच्यातल्या सर्वांत शांत मुलीची ड्वार्फ योद्धा शून्य हिट पॉइंटवर, म्हणजे जिवाचे गुण संपून, बेशुद्ध पडली होती. अशा वेळी जगण्यासाठी टाकायचा फासा म्हणजे डेथ सेव्ह, आणि तो तीनदा हुकला की पात्र मरते. तिचा एक आधीच हुकला होता आणि पुढची पाळी ओगर या राक्षसाची होती. आम्ही २०१४ च्या नियमांनी खेळत होतो. बेशुद्ध पडलेल्यावर जवळून वार बसला तर तो क्रिटिकल, म्हणजे जबर वार, ठरतो आणि दोन सेव्ह हुकल्यासारखे धरतात; म्हणजे वार बसला की ती मेली, इतका हिशोब टेबलावरच्या प्रत्येकाला येत होता. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा माझा पडदा होता, त्यामागे मी दोन डी-ट्वेंटी, म्हणजे वीस बाजूंचे फासे, टाकले. चार आणि सतरा पडले, पडलेल्यावर वार करताना दोन्हींतला मोठा आकडा, म्हणजे सतरा, धरायचा होता आणि सतराला वार बसत होता. मी म्हणालो, ‘हुकला.’ सगळ्यांनी आरडाओरडा केला, पुढच्याच फेरीत तिच्या साथीदाराने तिला उठवले आणि ओगर तिच्याच कुऱ्हाडीने मेला. घरी जाताना मी स्वतःवर फार खूश होतो.

तीन आठवड्यांनी रंकाळ्यावर भेळ खाताना तिने अगदी सहज विचारले, ‘दादा, त्या दिवशी किती पडलं होतं ओ? फासा टाकून तुम्ही एवढा वेळ कधी बघत बसत नाही.’ मी आधी आठवत नाही म्हणालो, आणि मग खरे सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. ‘म्हणजे नुरा झाली की,’ ती म्हणाली. ‘मी मेलो असतो तर चाललं असतं. मी हॉस्टेलवर सगळ्यांना सांगत सुटलोय, कसा वाचलो ते.’

ठरवून लढलेल्या कुस्तीला इथे नुरा म्हणतात आणि तो शब्द कोणी हलक्याने वापरत नाही. त्यानंतर ती आणखी दोन रविवार आली, मग परीक्षा आल्या, मग आलीच नाही. परीक्षा खऱ्या होत्या, हे मी स्वतःला अनेकदा सांगितले आहे.

माझ्या बाजूने बोलणारेही आहेत. डीएमला फासा डावलण्याचा अधिकार आहे, हे गायगॅक्सने १९७९ च्या डीएम मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिले आहे. चांगला खेळलेला खेळाडू केवळ दुर्दैवाने मरत असेल तर त्याचा जीव वाचवून एखादा अवयव घ्यावा, अशी वाटही त्याने सुचवली आहे. हे मला तेव्हा माहीत होते. ‘सतरा पडले आहेत, पण मी तुझा जीव घेत नाही, हात घेतो,’ असे मी सर्वांसमोर म्हणू शकलो असतो, आणि तिला नको म्हणण्याची संधी मिळाली असती. मी तसे केले नाही, कारण मला तिच्यावर उपकारही करायचा होता आणि तो लपवायचाही होता. पडद्यामागे लपवता येते, म्हणून पडदा गेला. दुसऱ्या कोणाच्या टेबलावर तो असण्याला माझी हरकत नाही. अनेक डीएम माझ्यापेक्षा संयमी आहेत.

पण आता फासे स्टीलच्या ताटात सर्वांसमोर पडतात, म्हणून मी शहाणा झालो असेही नाही. गेल्या हिवाळ्यात इंजिनिअरिंगचा एक मुलगा प्रथमच आला होता. कॅरेक्टरची तीन पाने पूर्वकथा त्याने हाताने लिहून आणली होती, आणि पहिल्याच चकमकीत गॉब्लिन या छोट्या राक्षसाचे लागोपाठ दोन वीस पडले, म्हणजे दोन जबर वार, आणि त्याचे पात्र मेले. ताटात सगळ्यांना दिसले. हात घेण्याची वाट मला त्या क्षणी पुन्हा सुचली नाही. उघड्यावर टाकलेला फासा बदलायचा नाही, एवढेच डोक्यात होते. तो हसला, त्याने चहा घेतला, सगळ्यांचे आभार मानले आणि परत आला नाही. त्याची तीन पाने माझ्या फाइलमध्ये आहेत आणि पहिल्या पानापलीकडे मी ती वाचलेली नाहीत.