पिट्सबर्गच्या चिमण्या

शुक्रवार, रात्री उशिरा

कोलंबसहून पिट्सबर्ग म्हणजे तीनेक तास. ऑफिसातून जरा लवकर सटकलं की जेवायच्या वेळेला पोचता येतं. विकेंडसाठी माझा साधा हिशोब ठरलेला आहे: गाडीनं चार तासांच्या आतलं शहर, आणि शक्यतो न्यूयॉर्क-शिकागो नको. तिथं शनिवार-रविवारी गेलं की निम्मा वेळ रांगेत जातो आणि उरलेला पार्किंग शोधण्यात. पिट्सबर्गसारखं मधल्या चणीचं शहर बरं पडतं.

आय-७० वर ओहायो संपतं, वेस्ट व्हर्जिनियाची चिंचोळी पट्टी पंधराएक मिनिटांत मागे पडते आणि पेनसिल्व्हेनिया लागतं. बाबांना (म्हणजे सासऱ्यांना, सध्या सहा महिन्यांसाठी आलेत) याची फार गंमत वाटली. "चहा संपायच्या आत एक राज्य संपलं की!" शहरात शिरताना फोर्ट पिट बोगदा लागतो. किलोमीटरभर लांबीचा अगदी सामान्य बोगदा, पुढं काही असेल अशी शंकाही येत नाही. आणि बाहेर पडताक्षणी गाडी थेट पुलावर, खाली नदी, समोर दिव्यांनी उजळलेलं अख्खं शहर. चिरंजीवांनी मोबाईलमधून डोकं वर काढलं, यात सगळं आलं.

शनिवार

सकाळी आधी ड्युकेन इन्क्लाइन. आपल्या सप्तशृंगी गडावर ट्रॉली चालते ना, त्यातलाच प्रकार, पण १८७७ सालचा. तिरक्या रुळांवर दोन डबे, एकाच यंत्राला दोरानं जोडलेले. एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. वजनाला वजन, त्यामुळे यंत्राला ताकद कमी लागते. डबे अजून जुनेच आहेत, आतलं लाकूडकामही सुरेख. या डोंगराला आता माउंट वॉशिंग्टन म्हणतात. पूर्वीचं नाव कोल हिल, कारण पोटात कोळसा. कारखाने खाली नदीकाठी आणि कामगारांची घरं वर डोंगरावर, म्हणून हे पाळणे. एके काळी शहरात असे पंधरावर होते, आता दोनच उरलेत. हाही १९६२ साली बंद पडला होता. वस्तीतल्या लोकांनी पैसे जमवले, खटपट केली आणि पुढच्या वर्षी पुन्हा सुरू केला. आज त्यात बहुतेक आमच्यासारखेच, गळ्यात कॅमेरा अडकवलेले.

वरून देखावा अर्थातच सुंदर. उत्तरेकडून अ‍ॅलेगेनी, दक्षिणेकडून मोनोंगाहेला, दोघींच्या संगमावर टोकाशी कारंजं, आणि तिथून ओहायो नदी सुरू. शहरात साडेचारशेच्या घरात पूल आहेत म्हणतात. अ‍ॅलेगेनीवर ओळीनं तीन एकसारखे पिवळे पूल आहेत. एकाला रॉबेर्तो क्लेमेंते या बेसबॉलपटूचं नाव, दुसऱ्याला चित्रकार अँडी वॉरहॉलचं, तिसऱ्याला कीटकनाशकांच्या धोक्याबद्दल लिहिणाऱ्या रेचल कार्सनचं. खेळाडू, चित्रकार आणि शास्त्रज्ञ! एकही पुढारी नाही. आपल्याकडच्या उड्डाणपुलांची नावं आठवून मी गप्प बसले.

बाबा मात्र देखाव्यापाशी फार रमले नाहीत. वरच्या स्टेशनात थोडे सुटे पैसे टाकले की यंत्राची खोली बघता येते, ते तिकडे गेले आणि परत येईनात. मी बघायला गेले तर कठड्याला रेलून चाकाकडे एकटक बघत उभे. पुरुषभर उंचीपेक्षा मोठं दातेरी चाक, आणि त्याचे दाते लाकडी! सुटे, एकेक करून बसवलेले, ग्रीसनं काळे पडलेले. मला वाटलं जुनं आहे म्हणून लाकूड. बाबांनी मान हलवली. "लोखंडावर लोखंड घासलं की आवाज किती होईल बघ. आणि झटका बसून दात तुटला तर अख्खं चाक जाईल. लाकडाचा तुटला तर तेवढाच ठोकून नवा बसवायचा. ज्यानं बसवलंय ना, त्याला काम कळत होतं." बाबा परळच्या एका मिलमध्ये साचा खात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, फिटर होते. अमेरिकेत आल्यापासून एवढं सलग वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

स्टेशनच्या भिंतीवर जुने फोटो आहेत. १९४० च्या दशकात धुरानं इतका काळोख व्हायचा की भरदुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागत. धुरावर बंदीचा कायदा १९४१ मध्ये झाला, अंमल युद्धानंतर १९४६ मध्ये. मगाशी आम्ही ज्या निळ्या आकाशाचे फोटो काढत होतो, ते इथं तसं नवंच म्हणायचं.

दुपारी स्ट्रिप डिस्ट्रिक्टमध्ये जेवण. इथल्या प्रसिद्ध सँडविचमध्ये फ्राईज आणि कोबीची कोशिंबीर आतच भरलेली असते. लेक खूश. मला एकदा खाल्लं ते पुरे. नंतर कॅथीड्रल ऑफ लर्निंग, म्हणजे विद्यापीठाची बेचाळीस मजली इमारत. आत देशोदेशींच्या धाटणीचे वर्ग आहेत. भारताचा वर्ग नालंदाच्या धर्तीवर लाल विटांचा केलाय. छान आहे. पण तोवर पाय बोलायला लागले होते.

रविवार

सकाळी पेन हिल्सच्या व्यंकटेश्वर मंदिरात गेलो. सत्तरच्या दशकातलं हे मंदिर. लांबलांबचे भारतीय विकेंडला गाडी काढून इथं यायचे, अजून येतात. दर्शन झालं, कँटीनमधला दहीभात झाला.

नवऱ्याला फॉलिंगवॉटर बघायचं होतं, फ्रँक लॉइड राइटनं धबधब्यावर बांधलेलं घर. जायला दीड तास, यायला दीड तास, शिवाय आधी तिकीट काढावं लागतं. मी सरळ नाही म्हणाले. त्याऐवजी परतण्याआधी होमस्टेडला गेलो, खरं तर लेकाला बूट घ्यायचे होते म्हणून. तिथं मोनोंगाहेलाच्या काठी मोठं शॉपिंग सेंटर आहे. आणि पार्किंगमधून बाहेर येतो तर समोर ओळीनं बारा उंच चिमण्या. विटांच्या, सरळसोट, खाली काहीच नाही. ना कारखाना, ना शेड.

हा कार्नेगीचा होमस्टेड पोलाद कारखाना. दुसऱ्या महायुद्धात पंधरा हजारांच्या आसपास माणसं इथं कामाला होती. १९८६ मध्ये तो बंद झाला, जमीनदोस्त केला, चिमण्या तेवढ्या आठवण म्हणून ठेवल्या. त्याआधी १८९२ चा प्रसिद्ध संप इथलाच. मालक स्कॉटलंडमध्ये, कारभार फ्रिककडे. त्यानं कामगारांना बाहेर ठेवून कारखान्याला टाळं लावलं आणि ६ जुलैला पिंकर्टन या खाजगी पहारेकरी पुरवणाऱ्या कंपनीचे तीनेकशे हत्यारबंद लोक नदीतून पडावांवर बसवून आणले. काठावर गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली. शेवटी राज्याचं सैन्य आलं आणि संघटना मोडली. सहा वर्षांनी कार्नेगीनं शेजारीच झकास वाचनालय बांधून दिलं, आत पोहण्याचा तलावसुद्धा. बारा-बारा तासांची पाळी करून माणूस पोहायला कधी जाणार, हे त्याला कुणी विचारलं असेल का?

मी हे फलकावरचं आणि फोनवरचं मिळून बाबांना सांगत होते. ते ऐकत चिमण्या मोजत होते. मग म्हणाले, "आमच्याकडं फिनिक्स मिलची एक ठेवलीय. यांनी बारा ठेवल्या." १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा बाबा तिशीचे होते. अडीच लाखांपैकी एक. पुन्हा मिलमध्ये पाऊल पडलं नाही. नंतर ठाण्याला एका वर्कशॉपमध्ये लागले. एवढं मला लग्नापासून माहीत आहे, त्यापलीकडं घरात कुणी बोलत नाही. आज गाडीत त्यांनी आपणहून लेकाला भोंगा म्हणजे काय ते सांगितलं. पहिला भोंगा झाला की चाळीतली कोणती बाई कोणाला हाका मारायची, डबा कुठल्या खिडकीतून हातात पडायचा, बदली कामगार गेटपाशी कसे ताटकळत उभे राहायचे. लेकानं विचारलं, "आजोबा, तुम्ही पण फायटिंग केली?" "मोर्चे केले. पाय दुखेपर्यंत."

नवरा गाडी चालवत होता. त्यानं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, आणि गाणी लावा असंही कुणी म्हणालं नाही.

बूट राहिलेच.

सोमवार

सकाळपासून दोन मीटिंगा आणि कपड्यांचा ढीग. बाबांनी लालबागच्या मित्राला व्हिडिओ कॉल लावला होता. स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. नद्या नाहीत, कारंजं नाही, मंदिरसुद्धा नाही. पंधरा मिनिटं नुसतं ते लाकडी दात्यांचं चाक. पलीकडून शंका आली, "दाते कुठल्या लाकडाचे रे?" बाबा अडले. मला विचारलं, मलाही सांगता येईना. आता त्यांना पुन्हा जायचंय, आणि या वेळी तिथल्या माणसाला गाठून विचारायचंय.

नवऱ्याला आयतंच निमित्त मिळालं. "मग ऑक्टोबरमध्ये जाऊ, पानंही रंगलेली असतील, येता येता फॉलिंगवॉटर करू." मी आत्ताच तारखा बघत बसलेय. चौघांचं तिकीट काही स्वस्त नाही, आणि लेकाचे बूट अजून घ्यायचेच आहेत.