जुन्या व्हॅनच्या एसी क्लचची घरघर: बेअरिंग निघालं, पण मूळ दुखणं गॅपमध्ये

मागे व्हॅनच्या एसीकडून येणाऱ्या घरघरीबद्दल विचारलं होतं, त्याचं हे अपडेट. गाडी २००४ ची डिझेल व्हॅन, पुढेमागे दोन्हीकडे एसी, एकच कॉम्प्रेसर. आवाजाचं आता बऱ्यापैकी उलगडलंय. दोन ठिकाणी दाखवून आणली तर दोन्हीकडे एकच उत्तर, कॉम्प्रेसर गेला, असेंब्ली (म्हणजे अख्खा कॉम्प्रेसर) नवीन टाका. बॉनेटला कान लावायच्या आधीच हे ठरलेलं असतं. मला पटेना, कारण एसी बंद असतानाही घरघर येत होती आणि कॉम्प्रेसर आतून गेला असेल तर एसी बंद केल्यावर तो फिरतच नाही, मग आवाज करणार कोण? फिरते ती फक्त बाहेरची पुली.

ज्यांनी क्लच (कॉम्प्रेसरला बेल्टच्या पुलीशी जोडणारा-सोडणारा भाग) कधी उघडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुली बेल्टवर सतत फिरते, तिच्या पोटात बेअरिंग, मागे कॉइल, पुढे प्लेट. एसी लावला की कॉइलला १२ व्होल्ट मिळतात, चुंबक तयार होतं, प्लेट टक् करून पुलीला चिकटते आणि मग शाफ्ट फिरतो. म्हणून आवाज नेमका कधी येतो हे आधी कागदावर लिहून काढायचं. सतत येत असेल तर बेअरिंग, बेल्ट किंवा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली). फक्त एसी चालू असताना येत असेल तर कॉम्प्रेसर किंवा प्लेटचं हब (प्लेटचा शाफ्टवर बसणारा मधला भाग). आणि चालू होताना क्षणभरच चीं होत असेल तर प्लेट घसरतेय. माझ्याकडे पहिला आणि तिसरा दोन्ही, त्यामुळे डोकं चक्रावलं होतं.

आधी चालत्या बेल्टवर पाणी शिंपडलं, काही फरक नाही. मग एसीचा बेल्टच काढला (आमच्या गाडीत वेगळा आहे, हा जुन्या गाड्यांचा फायदा) आणि इंजिन चालू केलं, एकदम शांत. टेन्शनरची पुली हाताने फिरवली, गुळगुळीत. कॉम्प्रेसरची फिरवली तर जात्यासारखी घरघर, वर हलवली की थोडी डुगडुगतेय पण. इथेच बेअरिंग पक्कं झालं.

पण चीं का होतं ते अजून राहिलंच होतं. पुली काढण्याआधी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन प्लेट आणि पुलीमधली गॅप तीन ठिकाणी मोजली, एकीकडे ०.७ मिमी, दुसरीकडे ०.९ आणि तिसरीकडे १.२. अशा कॉम्प्रेसरला साधारण ०.४ ते ०.८ पाहिजे. प्लेट काढली तर तोंडावर निळसर डाग, म्हणजे घसरून घसरून तापलेली. माझ्या मते गोष्ट इथून सुरू झाली, प्लेट झिजली, गॅप वाढली, प्लेट घसरायला लागली, त्या उष्णतेने बेअरिंगचं ग्रीस सुकलं आणि मग घरघर. नुसतं बेअरिंग टाकून काम आटोपलं असतं तर नवीनही तसंच भाजून निघालं असतं.

कॉइल थंड असताना ३.६ ओहम दाखवते, ठीक आहे. पण तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतो, शंभर अंशाला साधारण ३० टक्के जास्त, म्हणजे ४.७ च्या घरात. त्यात बॅटरीवर १३.९ व्होल्ट असताना कॉइलच्या कनेक्टरवर १२.८ च मिळत होते, म्हणजे गरम कॉइलमधून जेमतेम पावणेतीन अँपिअर, वर गॅप मोठी, चुंबक ओढणार तरी किती. उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये एसी मध्येच गरम हवा का मारायचा हेही त्यातच आलं, आणि लोक गॅस भरत बसतात. रिलेचे (कॉइलला करंट देणाऱ्या स्विचचे) पॉइंट जळलेले होते, रिले बदलला, कॉम्प्रेसरच्या ब्रॅकेटची अर्थिंग घासून साफ केली, आता १३.५ मिळतात.

या कामाला गॅस काढावा लागत नाही हे मुद्दाम सांगतो, कारण बरेच जण त्याच भीतीने हात लावत नाहीत. मधला नट, प्लेट, सर्क्लिप (पुली अडवून धरणारी स्प्रिंगची रिंग), पुली, सगळं बाहेरूनच निघतं. प्लेट मात्र पुलरनेच काढा, स्क्रू ड्रायव्हरने उचकटली की वाकलीच समजा. शाफ्टभोवती तेल आहे का तेही तेव्हाच बघून घ्या, असेल तर सील गेलंय आणि मग हिशोब वेगळा. माझं कोरडं होतं.

बेअरिंग ३५ × ५५ × २० चं, नाना पेठेत सहज मिळालं. पुलीत बसवायला लेथवाल्याकडे प्रेसवर नेलं आणि शेजारी उभं राहून दाब बाहेरच्या रिंगवरच द्यायला लावला, आतल्या रिंगवर दिला की गोळ्यांचे खळगे पडतात आणि नवीन बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणतं. जुने शिम (गॅप जुळवायला प्लेटमागे टाकतात ते पातळ वॉशर) तसेच ठेवून बसवल्यावर गॅप सगळीकडे सारखी १.० आली, अर्ध्या मिमीचा एक शिम काढला, ०.५ झाली.

घरघर गेली, चीं पण गेलं. आता एसी चालू असताना आयडलिंगला हलका खडखडाट राहिलाय, तो हबच्या रबराचा वाटतोय कारण आरपीएम थोडे वाढवले की लगेच थांबतो. दुकानदार प्लेट, पुली, कॉइल असा पूर्ण सेटच गळ्यात मारतोय. नुसतं हब सुटं कुठे मिळालं असेल कुणाला तर सांगा, तोवर असंच चालवतो आणि कडक उन्हात एकदा घाट चढून आल्यावर गॅप परत मोजतो.