महासेल

चपला घ्यायला नागपूरच्या बर्डीवर गेलो होतो. मे महिना, दुपारचे दोन, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. एका दुकानावर हा एवढा फलक: 'महासेल'. आत दहा टक्के सूट, तीही फक्त सहा नंबरच्या जोडांवर.

"अन् हे महा कशाचं?"

"काका, महा म्हणजे महाराष्ट्राचं," पोरगा हसत म्हणाला.

चेष्टाच होती, पण अगदीच चूक नव्हती. बर्डीवरून जाणाऱ्या महामेट्रोतला महा तरी कुठं मोठेपणाचा आहे? महाराष्ट्र मेट्रो रेल कॉर्पोरेशनचं ते आखूड केलेलं नाव. महाग मात्र खराच महा. संस्कृतातला महार्घ, म्हणजे ज्याचं मोल मोठं तो. आणि जुना महामात्र, दरबारातला बडा अधिकारी, हत्तीवर बसता बसता माहूत झाला. शब्दालाही पदावनती चुकत नाही.

मी नागपूरच्याच महाल वस्तीतला. तो महाल अरबीतून आलेला, त्याचा महाशी संबंध नाही, अन् आमच्या घराचा महालाशी नव्हता. भाद्रपदात मात्र घरी महा यायचा तो भरल्या हातानं. पुण्याकडच्यांच्या गौरी त्या आमच्या महालक्ष्म्या. सोळा भाज्या, पुरणपोळी, आणि आंबील. आंबिलीची वाटी मी ओठांना लावून नुसती धरून ठेवायचो. मोठ्या आईची, म्हणजे थोरल्या काकूची, पाठ वळली की शेजारच्या चुलतभावाच्या पानात. अजूनही मला आंबील आवडत नाही, आणि अजूनही हे कुणाला सांगायची सोय नाही.

या मोठ्या आईचे यजमान, म्हणजे आमचे मोठे बाबा, उंचीनं घरात सगळ्यांत लहान. आमच्याकडच्या नात्यातला मोठा वयानं मोजतात, फुटपट्टीनं नाही. ते एकदा काशीला निघाले. मी तेव्हा चौथीत. नुसती यात्रा कशी लिहायची, म्हणून दारावर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'मोठ्या बाबांना महायात्रेच्या शुभेच्छा'.

मोठी आई डबा घेऊन बाहेर आली, वाचलं, आणि तिथंच खाली बसली. आजोबांनी धोतराच्या सोग्यानं अक्षरं पुसली. मला वाटलं, आता पाठीत बसणार. पण ते जुने संस्कृतवाले. ओसरीवर बसवून त्यांनी एक श्लोक म्हणून दाखवला. काही शब्दांना महा लावू नये, असं सांगणारा. शंख, तेल, मांस, वैद्य, ज्योतिषी, ब्राह्मण, यात्रा, वाट, झोप. महानिद्रा म्हणजे मरण. महामांस म्हणजे माणसाचं. महायात्रा म्हणजे... "ती एकदाच असते," आजोबा म्हणाले. मोठे बाबा काशीहून धडधाकट परत आले, माझ्यासाठी लाकडी भोवरा घेऊन.

रोगाचंही तसंच. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ साली काढलेली संस्था महारोगी सेवा समिती. तिथला महा मोठा नव्हे. तो ज्याला घराबाहेर काढत त्याचा.

चपला घेतल्या नाहीत. माझा नंबर आठ.

आजोबा गेले तेव्हा पेपरात निधनवार्ता द्यायला मीच गेलो होतो. खिडकीतल्या माणसानं कागदावर सफाईनं लिहिलं, 'महायात्रा राहत्या घरून निघेल', आणि वाचायला पुढं सरकवलं. मी पेन उघडलं. मग तसंच बंद केलं.