आज्जींच्या बाजूचं दार

मे महिन्यातली दुपार, दोनचा सुमार. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या माझ्या गॅरेजसमोर एक सात सीटर गाडी येऊन थांबली. इंजिन चालूच ठेवून मालक उतरले आणि जवळजवळ पळतच आत आले.

"वायरमन, मागचं डावं दार उघडंना झालंय. आणि आत आई हाय."

मी म्हटलं, उजव्या दारानं उतरवा की. ते म्हणाले, "तुम्ही एकदा बघा तरी."

बघितल्यावर कळलं. आज्जींच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन बाराच दिवस झाले होते. सकाळी मिरजेच्या दवाखान्यात टाके काढून त्या परत आलेल्या. गाडीत बसवताना डाव्या दारातून आधी पाठ आत घेतली, मग मागे सरकत पाय सीटवर लांब केले. म्हणजे पाठ उजव्या दाराला टेकलेली आणि पावलं डाव्या दाराकडे. उतरायचं तर पाय पुढे करून, डावीकडूनच. उजवं दार उघडून पाठीकडून उचलायचा प्रयत्न घरासमोर करून झाला होता. गुडघ्याला हिसका बसला, आज्जी ओरडल्या आणि मुलानं हात काढून घेतले. पंधरा मिनिटं दाराशी झटापट केली आणि शेवटी त्यांना तसंच बसवून गाडी माझ्याकडे आणली. पन्नासेक किलोमीटरचा प्रवास आधीच झालेला, त्यात हे.

गाडी कडुनिंबाखाली घ्यायला लावली आणि एसी चालूच ठेवला. आज्जींना पाणी दिलं. मग दाराकडे वळलो.

मिरजेत उघडलेलं दार कोल्हापुरात अडकलं ते कसं, हा पहिला प्रश्न. ही गाडी थोडा वेग घेतला की चारही दारं आपोआप लॉक करते. दार लॉक झालं होतं, पण उघडायचा हुकूम त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. बाहेरचं हँडल नुसतं हलत होतं. आत नातवंडांसाठी चाइल्ड लॉक लावलेला, त्यामुळे आतल्या हँडलचा कुलपाशी संबंधच तोडलेला. उरली खिडकीच्या कडेची लॉकची गुंडी. ती मी चिमटीत धरून वर ओढली, तर दगडात रोवल्यासारखी घट्ट.

मालकांना रिमोटचं बटण दाबायला सांगितलं आणि दाराला कान लावला. सेंट्रल लॉकची मोटार म्हणजे बोटभर लांबीची १२ व्होल्टची मोटार. एका दिशेनं करंट दिला की लॉक, उलट्या दिशेनं दिला की अनलॉक, आणि तोही सेकंदाच्या आतला झटका. मोटार मेली असेल तर आवाजच येत नाही. तिच्या आतल्या चाकाचे दात गेले असतील तर 'कर्र' होतं. इथं दोन्ही नव्हतं. आतून 'थड' असा आवाज आला, पत्र्यावर काहीतरी आपटल्यासारखा, आणि गुंडी नुसती थरथरली. मोटारीत जीव होता, पण तिचा जोर भलतीकडे जात होता. इंजिन चालू असताना व्होल्टेज चौदाच्या आसपास जातं, अडखळणारी मोटार तेवढ्यावर कधी कधी सुटते, म्हणून बटण दाबताना दारावर मुठीनं ठोकूनही पाहिलं. थड. बस्स.

बंद दाराचं काम फार अवघड. कुलपाचे स्क्रू दाराच्या मागच्या कडेला असतात आणि दार उघडल्याशिवाय ते दिसतही नाहीत. म्हणजे आतून डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं झाकण, काढून हात घालायचा, एवढीच वाट. आणि आत आज्जींचे पाय.

मी पुढची सीट सरकवून दोन सीटांमधून मागच्या फूटबोर्डावर उतरलो आणि दाराकडे तोंड करून उकिडवा बसलो. आज्जींचं बँडेज गुंडाळलेलं पाऊल माझ्या डाव्या खांद्याला लागत होतं. त्या पाय आखडून घ्यायला लागल्या आणि कळवळल्या.

"पाय लागायलाय रे लेकरा तुला. कसं करू मी?"

"आज्जी, लागू दे. आशीर्वाद समजतो. तुम्ही पाय हलवू नका."

त्यांनी पाय सोडला. पुढचा अर्धा तास तो माझ्या खांद्यावर टेकलेला होता, आणि मी जरा जोर लावला की त्या श्वास रोखून धरायच्या. इतक्या सावकाश मी आयुष्यात पॅड काढलं नसेल. हँडलच्या खाचेतला एक स्क्रू, आर्मरेस्टखालचे दोन. मग खालच्या कडेनं प्लास्टिकची पट्टी सरकवत एकेक क्लिप सोडवायची. दोन क्लिपा तुटल्या, त्यांना इलाज नव्हता. दार बंद असताना पॅड पूर्ण निघत नाही. वीतभर फट झाली, तीत टॉर्च धरला.

पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे पाणी अडवणारा प्लास्टिकचा कागद. तो मधोमध फाडून तसाच लोंबत सोडलेला. त्याच्यामागे बाजारात मिळते ती दोन वायरची सुटी मोटार लटकत होती. मूळ कुलपात मोटार आतच बसवलेली असते आणि ती गेली की अख्खं कुलूप बदलावं लागतं, त्याला काही हजार पडतात. सुटी मोटार काहीशे रुपयांत येते. कुणीतरी ती पत्र्याला दोन स्क्रूंनी ठोकून, तिची तार छोट्या क्लॅम्पनं गुंडीच्या सळईला जोडली होती. त्यातला एक स्क्रू गंजून गळून पडलेला. दुसऱ्या स्क्रूभोवती मोटार फिरली, तार तिरकी होऊन पत्र्याच्या भोकात अडकली आणि गुंडीची सळई तिनं खालीच जखडून ठेवली.

या सुट्या मोटारी वाईट नाहीत. ज्या गाड्यांना कंपनीतून सेंट्रल लॉक येत नाही त्यांना मीही त्या बसवल्या आहेत, नट-बोल्ट आणि वॉशर घालून, आणि त्या वर्षानुवर्षं चालतात. पण मूळचं मेलेलं कुलूप आत तसंच ठेवून, पातळ पत्र्यात कच्चे स्क्रू पिळून, वरून कागद फाडून टाकायचा आणि गिऱ्हाइकाला 'झालं काम' म्हणायचं, हे मला सहन होत नाही. माणसाला गाडीतून बाहेर पडायची वाट असते दार. त्या गाडीत वायरिंग पेटलं असतं तर आज्जींना कुणी आणि कुठून काढलं असतं, हा विचार फटीत हात घालतानाही डोक्यातून जात नव्हता.

क्लॅम्पचा स्क्रू माझ्या करंगळीच्या नखाएवढा आणि डोकं झिजलेलं. पेचकस तिरका धरून, हातानं चाचपडत फिरवायचा. पत्र्याच्या कडेनं मनगट कापलं. चौथ्या-पाचव्या प्रयत्नात स्क्रू कुरकुरत हलला. क्लॅम्प ढिला झाला, तार बाजूला केली आणि गुंडी वर ओढली. सहज आली.

"बाहेरनं ओढा!" मी ओरडलो.

दार उघडलं आणि मेमधलं गरम वारं आत आलं. आज्जींनी माझ्या खांद्यावरचा पाय अलगद बाहेर सोडला. मुलगा आणि सून दोन्ही बाजूंनी धरायला आले, माझ्या पोरानं वॉकर समोर धरला. उभं राहिल्यावर त्यांनी आधी माझं रक्त आलेलं मनगट बघितलं आणि सुनेला म्हणाल्या, "ह्येला हळद लाव आधी."

त्यांना रिक्षानं घरी पाठवलं आणि गाडी ठेवून घेतली.

मूळच्यासारखं नवं कुलूप दुसऱ्या दिवशी आलं. बॅटरीची निगेटिव्ह काढली, दाराच्या कडेचे तीन स्टार स्क्रू सोडवले, हँडलची केबल आणि सळया क्लिपांतून सुट्या केल्या आणि जुनं कुलूप फटीतून बाहेर काढलं. सवयीनं त्याला थेट बारा व्होल्ट देऊन बघितले. काही नाही. खोलल्यावर आत तपकिरी गंजाचं पाणी वाळलेलं आणि मोटारीचा आस जाम. दाराच्या तळाला पाणी निचरायची भोकं असतात, ती चिखलानं गच्च भरलेली होती. आमच्याकडचा पाऊस काचेवरून दारात उतरतो तो या भोकांतूनच बाहेर पडायचा असतो. ती बुजली म्हणून पाणी साठलं, ओल धरली आणि पहिली मोटार गेली. पुढे ओल तशीच राहिली, सुट्या मोटारीचा स्क्रूही तिनंच खाल्ला. भोकं तारेनं मोकळी केली नसती तर नव्या कुलपाचंही तेच झालं असतं.

नवीन कुलूप लावण्याआधी प्लगवर टेस्ट लॅम्प लावून दोन्ही दिशांचा झटका येतोय ना ते बघितलं. गाडीच्या सांगाड्याचा खांब आणि दार यांच्या मधल्या रबरी नळीतल्या वायरा वाकवून तपासल्या. दार रोज उघडझाप होऊन त्या आतल्या आत तुटतात आणि दोष मोटारीच्या माथी येतो. इथं त्या ठीक होत्या. कागद नवा कापून नीट चिकटवला, पॅडला नव्या क्लिपा घातल्या. मग चाइल्ड लॉक तेवढ्यापुरता सोडवून मी आज्जींच्या जागेवर पाय लांब करून बसलो आणि आतून दार उघडून बघितलं. वीस वेळा.

मालक गाडी न्यायला आले तेव्हा चाइल्ड लॉकचा विषय मी काढला. डाव्या दाराचा काढून टाका आणि नातवंडांना उजवीकडे बसवा, त्या बाजूचा राहू दे, असं सांगितलं. ते थोडे घुटमळले, पोरं दार उघडतील अशी भीती होती. मी पुढची सीट दुमडली, त्यांना फूटबोर्डावर बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. मिनिटभरानं ते बाहेर आले आणि "काढा" म्हणाले.

तीनेक आठवड्यांनी तीच गाडी मिरजेला जाताना गॅरेजसमोर थांबली. कुणी उतरलं नाही. मागच्या डाव्या बाजूला आतून खटका वाजला, दार वीतभर उघडलं आणि फटीतून आज्जींचा हात दिसला. मी हात वर केला. त्यांनी दार ओढून घट्ट लावून घेतलं आणि गाडी निघाली.