कपावरचं झाड

सोमवार, रात्री

भाचा काल दुपारच्या गाडीने लीड्सला गेला. आज सकाळी चहा टाकायला गेलो तेव्हा कप फळीवर होता, नेहमीच्या जागी, धुतलेला, कोरडा. फक्त झाड भिंतीकडे वळवलेलं होतं.

एवढंच झालं. पण दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

आधी वाटलं, चुकून ठेवला असेल. मग आठवलं, शनिवारीही तसाच होता आणि मी तो सरळ केला होता. काल पुन्हा तसाच. आणि या पोराला माझ्या बहिणीने असं वळण लावलंय की चमचासुद्धा जिथला तिथे ठेवतो. म्हणजे त्याने बघून, समजून केलं. आणि दोन दिवसांत त्यावर एक शब्द बोलला नाही.

कप साधाच आहे. आमच्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचं ओकचं झाड आहे त्यावर, पण इंद्रधनुष्याच्या रंगात. २०११ च्या मँचेस्टरच्या अधिवेशनात, पक्षातल्या आमच्या समलिंगी लोकांच्या गटाच्या संध्याकाळच्या कार्यक्रमात मिळालेला. कानाजवळ टवका उडालाय. ह्याने, माझ्या नवऱ्याने, दोनदा तो टाकायला काढला होता, मी टाकू दिला नाही.

विचारलं असतंस तर सांगितलं असतं रे. आईशी फोनवर तास तास भांडतोस, तांदूळ कुठला घ्यावा यावरूनही भांडतोस. माझ्याशी का नाही भांडलास? माझ्याशी तो सभ्यपणे वागला. 'मामा, तू बस, मी करतो.' हा सभ्यपणा मला चांगला ओळखू येतो. मिरजेच्या घरी ह्याच्या वाट्याला तोच आलाय. पाण्याचा तांब्या, बसायला खुर्ची, पोळीवर तुपाची धार, आणि कुणीही विचारायचं नाही की तुम्ही याचे कोण. दाजींबद्दल आज लिहीत नाही.

काय सांगितलं असतं मी त्याला? दुकानात औषधांच्या पिशव्या भरताना मनातल्या मनात पूर्ण भाषण तयार झालं.

सांगितलं असतं की आमचा गट कालपरवाचा नाही. १९७५ चा आहे. आणि त्याच्या मागे होते ते पीटर कॅम्पबेल आमच्याच रेडिंगच्या विद्यापीठातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक. त्या आवारावरून मी रोज दुकानात जातो. समलिंगी समतेसाठी हुजूर पक्षाच्या आत गट काढायचा, तोही पन्नास वर्षांपूर्वी! बाहेरचे हसत असतील आणि आतले तोंड फिरवत असतील. त्याच्याही आधी, १९६५-६६ मध्ये, लँकेस्टरचे हुजूर खासदार हम्फ्री बर्कली यांनी समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढायचं विधेयक मांडलं आणि १९६६ च्या निवडणुकीत ते पडले. त्या विधेयकामुळेच पडलो, असं ते म्हणत. पुढे १९६७ चा कायदा झाला. त्याच्या बाजूने मत देणाऱ्या मोजक्या हुजूर खासदारांत थॅचरबाई होत्या.

आणि त्याच थॅचरबाईंच्या सरकारने १९८८ मध्ये कलम २८ आणलं. कायद्याच्या शब्दांत आमच्यासारख्यांचं घर म्हणजे 'लटकं कुटुंब' होतं, आणि सरकारी शाळेत ते स्वीकारार्ह म्हणून शिकवायला नगरपालिकांना बंदी. मी तेव्हा मिरजेत शाळेत होतो, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण इथे आल्यावर ते शब्द पहिल्यांदा वाचले तेव्हा पोटात खड्डा पडला. मला कायम प्रश्न पडतो, त्या वर्षी त्या गटातली माणसं पक्षाच्या बैठकीला कशी गेली असतील? कोट घालून, चहाच्या टेबलाशी उभं राहून, आपल्या घराला लटकं म्हणणाऱ्यांबरोबर बिस्किटं खात. कशी गेली असतील? आणि का?

का गेली असतील हे मला कळतं. तेच तर मला भाच्याला सांगायचं होतं.

मी दुकानदाराचा मुलगा. बाबांनी उधारी कधी केली नाही आणि कुणाची बुडवली नाही. कष्ट करावेत, कर वेळेवर भरावा, घर धरून राहावं, सरकारने फार मध्ये पडू नये, यात मला काही चूक वाटत नाही, आजही नाही. १९९८ मध्ये इथे आलो, पंधरा वर्षं दुसऱ्याच्या काउंटरवर उभा राहिलो, मग स्वतःचं दुकान घेतलं. या पक्षात मी माझ्या वडिलांमुळे आहे. आणि या पक्षातल्या या गटात मी ह्याच्यामुळे आहे. दोन्हींपैकी एक सोड असं सगळे सांगायचे. पक्षातले सांगायचे आणि बाहेरचेही. मला एकही सोडायचं नव्हतं.

मला मिरवणूक नको होती. ज्यांनी मिरवणुका काढल्या, लाठ्या खाल्ल्या, त्यांचं माझ्यावर ऋण आहे, ते मी कधी नाकारणार नाही. पण मला हवं होतं लग्न. साधं लग्न, सही, साक्षीदार, जेवण. म्हणून २०११ मध्ये मँचेस्टरच्या त्या सभागृहात पंतप्रधान कॅमेरन उभे राहिले आणि म्हणाले की मी समलिंगी विवाहाला पाठिंबा देतो तो हुजूर असूनही नाही, तर हुजूर आहे म्हणूनच, तेव्हा मी मागच्या रांगेत होतो आणि रडलो. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी रुमाल दिला. त्या आमच्या गटाच्या नव्हत्या, आणि त्यांना काय समजलं मला माहीत नाही. तो रुमाल आहे अजून.

याच कॅमेरननी २००३ मध्ये कलम २८ जपण्याच्या बाजूने मत दिलं होतं. २००९ मध्ये त्याबद्दल माफी मागितली. सहा वर्षांत माणूस बदलू शकतो. कुणीतरी आत बसून त्याच्याशी बोलत राहावं लागतं.

मग ५ फेब्रुवारी २०१३. समलिंगी विवाहाचं विधेयक ४०० विरुद्ध १७५ ने पुढे गेलं. मी आकडे पाठ केलेत. आमच्या पक्षाच्या १२७ खासदारांनी बाजूने मत दिलं, १३६ जणांनी विरोधात. म्हणजे आमच्याच सरकारचं विधेयक, आमच्याच पंतप्रधानाचा शब्द, आणि आमच्याच पक्षातले जास्त लोक विरुद्ध. मजूर पक्षाच्या मतांवर माझं लग्न झालं, असं भाचा म्हणाला असता. म्हणू दे. पण ते १२७ कुठून आले? आकाशातून पडले नाहीत ते. १९७५ पासून कुणीतरी चहाच्या टेबलाशी उभं होतं म्हणून आले.

हे सगळं मी आज दुपारपर्यंत मनात बोलत होतो आणि मला माझीच फार दया येत होती.

आईची एक गोष्ट त्याला सांगायची राहिलीय. २००६ मध्ये आई तीन महिने इथे आली होती तेव्हा मी ह्याला वरच्या लहान खोलीत हलवलं. आईला सांगितलं, भाडेकरू आहे. त्याची उशी मी स्वतः उचलून वर नेली. तो काही बोलला नाही. आई जाताना त्याला दोन बरण्या लोणचं देऊन गेली, 'तुझ्या भाडेकरूला आवडतं ना' म्हणून. पुढची अकरा वर्षं तोच शब्द. २०१५ मध्ये आम्ही सह्या केल्या तरी तोच शब्द, कारण तिला मी सांगितलंच नव्हतं.

मग २०१७ च्या जूनमध्ये एका सकाळी तिचा फोन. 'अरे, पेपरात आलंय, वराडचा पोरगा तिकडे पंतप्रधान झाला. मालवणकडचा. वराडकर.' मी म्हटलं, हो, आयर्लंडचा, लिओ. वडील मुंबईचे डॉक्टर. ती थांबली. मग म्हणाली, 'त्याचंही तुझ्यासारखंच आहे ना रे?'

मी दुकानाच्या मागच्या खोलीत पुठ्ठ्याच्या खोक्यावर बसलो होतो. हो म्हटलं. ती म्हणाली, 'बरं.' मग म्हणाली, 'भाडेकरू जेवतो ना वेळेवर?'

लिओ वराडकर ज्या फिना गेल पक्षाचा, तोही उजवीकडेच झुकलेला. त्याने २०१५ च्या जानेवारीत, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, रेडिओवर सांगितलं की मी समलिंगी आहे. तेव्हा तो मंत्री होता. मे महिन्यात तिथे सार्वमत झालं आणि ६२ टक्के लोकांनी विवाहसमतेला हो म्हटलं. दोन वर्षांनी तो पंतप्रधान झाला. २०१९ च्या डिसेंबरात घरच्यांना घेऊन वराडला येऊन गेला. तेव्हाही आईचा फोन आला होता, गावाने कसं स्वागत केलं ते सांगायला. असाच कुणी माणूस घोषणा देत रस्त्यावर दिसला असता तर आईने पान उलटलं असतं. सूट घातलेला, देश चालवणारा दिसला, म्हणून तिला तो प्रश्न विचारता आला. माझं म्हणणं एवढंच होतं, आयुष्यभर. आमच्यातली काही माणसं त्या बाजूलाही बसलेली दिसायला हवीत, म्हणजे मिरजेतल्या एका बाईला फोन करता येतो.

हे सांगितलं असतं त्याला. विचारलं असतंस तर.

संध्याकाळी दुकान बंद करताना मात्र एक गोष्ट समोर आली आणि भाषण तिथेच थांबलं. त्याने कप २०१३ साठी फिरवलेलाच नाही.

मागच्या वर्षी त्याने मला जे सांगितलं ते इथे लिहायचा मला अधिकार नाही. ते त्याने आईला सांगितलेलं नाही, आजीला नाही, मला सांगितलं. रात्री दीड वाजता, याच स्वयंपाकघरात. आणि मी त्याला जवळ घेतलं आणि म्हटलं, मी आहे.

आणि फळीवर तो कप होता.

२०१८ मध्ये आमच्या सरकारने वचन दिलं होतं की समलिंगी आणि ट्रान्स माणसांना 'सुधारण्याचे' उपचार (कन्व्हर्जन थेरपी) कायद्याने बंद करू. २०२२ च्या मार्चअखेर आधी ते गुंडाळलं, मग आरडाओरड झाल्यावर काही तासांत म्हणाले की बंदी आणू, पण ट्रान्स लोकांना वगळून. शंभराहून जास्त संस्थांनी सरकारच्या परिषदेतून अंग काढून घेतलं आणि ती परिषदच रद्द झाली. त्याच आठवड्यात आमच्याच पक्षाचे खासदार जेमी वॉलिस यांनी आपण ट्रान्स असल्याचं जाहीर केलं होतं. बंदी शेवटपर्यंत आलीच नाही. मी तेव्हा काय केलं? काही नाही. माझं लग्न होऊन सात वर्षं झाली होती.

आणि मग २०२३ चा ऑक्टोबर, पुन्हा मँचेस्टर. गृहमंत्री ब्रेव्हरमन बोलत होत्या. त्यांचे वडील मूळचे गोव्याचे, हे आमच्याकडच्या लोकांना कौतुकाने सांगायला आवडतं. मलाही आवडायचं. त्यांनी लिंगभावाच्या विचारसरणीवर कोरडे ओढले आणि प्रेक्षकांतून अँड्र्यू बॉफ बोलले की असं काही अस्तित्वातच नाही. बॉफ म्हणजे लंडन असेम्ब्लीचे तेव्हाचे अध्यक्ष, पक्षात पन्नास वर्षं घालवलेले, आमच्या गटाचे आश्रयदाते. त्यांना धरून बाहेर नेलं. ब्रेव्हरमनबाई नंतर म्हणाल्या की त्यांना माफ करा, परत येऊ द्या. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान सुनक भाषणात म्हणाले, पुरुष तो पुरुष आणि स्त्री ती स्त्री, आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. बारा वर्षांपूर्वी याच शहरात, याच पक्षाच्या सभागृहात मला रुमाल मिळाला होता.

बॉफना बाहेर नेतानाचं चित्रण मी फोनवर पाहिलं. पाहिलं आणि फोन खिशात ठेवला. गिऱ्हाईक उभं होतं. गटाला पत्र लिहिलं नाही, राजीनामा दिला नाही, वर्गणीही थांबवली नाही. ती आपोआप जाते. २०२५ मध्ये लंडन, ब्रायटन, मँचेस्टर, बर्मिंगहॅमच्या प्राइडवाल्यांनी सगळ्याच पक्षांना मिरवणुकीतून वगळलं तेव्हा मला वाईटही वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. मला ठरवावं लागलं नाही.

आत बसून बोलत राहावं लागतं, असं मीच वर लिहिलंय. मी आत बसलो आणि गप्प राहिलो. १९८८ मध्ये बिस्किटं खाणारे बैठकीला कसे गेले असतील, असं विचारत होतो. कळतं आता.

रात्री जेवताना ह्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला की त्याने तो कप दोनदा टाकायला काढला ते टवक्यामुळे नव्हतं. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, तू विचारलं नाहीस.

थोडा वेळ आम्ही दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी असे हसलो. मग त्याने भांडी घासली, मी पुसली.

कप टाकणार नाही. त्यात ते १२७ आहेत, कॅम्पबेल आहेत, त्या बाईंचा रुमाल आहे. पक्षातही कदाचित राहीन, अजून ठरलेलं नाही. पण राहिलो तर बॉफना विचारायला हवं की त्या दिवशी उभं राहून बोलताना त्यांचे पाय कापत होते का.

भाच्याला निरोप लिहायला घेतला. आधी कलम २८ पासून सुरुवात केली, पुसलं. मग आजीची गोष्ट लिहिली, तीही पुसली, ती भेटल्यावर सांगेन. शेवटी एवढंच पाठवलं: 'मँचेस्टरला बॉफना बाहेर काढलं तेव्हा मी दुकानात पिशव्या भरत होतो आणि काही बोललो नाही. हे तुला त्या रात्री सांगायला हवं होतं. पुढच्या खेपेला माझ्याशी भांड.'

साडेअकरा झालेत. दोन खुणा निळ्या झाल्यात, आणि तो काहीतरी लिहितोय.