जब्दीच्या पोराची वारी

स्पेनमधल्या पोर्तोमारीन गावाला पोचेपर्यंत डाव्या टाचेला फोड आला. सुईत दोरा ओवून तो फोडातून आरपार नेला आणि दोरा तसाच लोंबता ठेवला. सासवडच्या मुक्कामात एका माळकरी आजींनी शिकवलेला इलाज. मान वर केली तर शेजारच्या खाटेवरच्या स्पॅनिश बाईंच्या टाचेतही तसाच दोरा! दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण हसू आवरेना.

भाचीच्या हट्टापायी मी इथे आले, येशूचा शिष्य संत याकोब याच्या समाधीकडे जाणाऱ्या 'कामिनो' नावाच्या पायी वारीला. सारिया ते सांतियागो, ११५ किलोमीटर, सहा दिवस. वारी केल्याचं प्रमाणपत्र हवं तर किमान १०० किलोमीटर पायी चालावं लागतं आणि यात्रेकरूच्या पत्रिकेवर रोज दोन शिक्के घ्यावे लागतात. गालिसियातला, म्हणजे स्पेनच्या या प्रांतातला, पाऊस आपल्या पुण्याच्या पावसासारखा, पडतोय की नाही तेच कळत नाही. वाटेत दगडी पायांवर उभी धान्याची कोठारं, गाईंच्या शेणाचा ओळखीचा वास. आणि जिथे तिथे पिवळे बाण. १९८०च्या दशकात ओ सेब्रेइरोच्या एलियास वालिन्या नावाच्या पाद्रीबाबांनी स्वतः रंगाचा डबा घेऊन हे बाण काढायला सुरुवात केली. आपण "माउली" म्हणतो, तसं इथे येणारा जाणारा "बुएन कामिनो", म्हणजे वाट शुभ होवो, म्हणतो. टाळमृदंग मात्र नाही. ती शांतता मला पहिले दोन दिवस खायला उठली.

चालताना मी या संताचाच विचार करत होते. याकोब, जब्दीचा मुलगा, योहानाचा भाऊ, गालीलच्या समुद्रावरचा कोळी. जाळी नीट करत बसला होता, हाक आली आणि बापाला होडीत सोडून निघाला. दोघं भाऊ तापट. येशूनं त्यांचं नावच 'गर्जनेचे पुत्र' ठेवलं. त्यांच्या आईनं येशूला गाठून सांगितलं, तुझ्या राज्यात माझा एक मुलगा उजवीकडे बसू दे, दुसरा डावीकडे. (आई ती आईच.) येशूनं उलट विचारलं, मी पिणार तो प्याला तुम्हांला पिता येईल का? पोरं म्हणाली, येईल. इ.स. ४४ च्या सुमारास राजा हेरोद अग्रिप्पानं याकोबाला तलवारीनं मारलं. येशूच्या बारा शिष्यांत पहिला हुतात्मा तोच.

मग यरुशलेमात मेलेला माणूस स्पेनच्या या टोकाला कसा? कथा अशी, की शिष्यांनी देह होडीत घालून आणला. नवव्या शतकात पेलायो नावाच्या संन्याशाला रानात दिवे दिसले, बिशप तेओदोमिरोनं थडगं शोधलं, राजा दुसरा आल्फोन्सोनं तिथे देऊळ बांधलं. इतिहासकार बहुतेक ही गोष्ट मानत नाहीत. १५८९ मध्ये इंग्रजांच्या भीतीनं अस्थी लपवल्या, त्या थेट १८७९ मध्ये सापडल्या. १८८४ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी त्या खऱ्या असल्याचं जाहीर केलं. मला त्या वादात पडायचं नाही. मला गंमत वाटली ती मूर्तींची. हातात काठी, कमरेला भोपळा, टोपीवर शिंपला! संतच वारकरी होऊन स्वतःच्या समाधीकडे निघालेला. आपल्याकडे समाधीपासून पादुका निघतात, इथे वाट समाधीपाशी येऊन संपते.

सांतियागोच्या कॅथेड्रलमध्ये मात्र त्याचं तिसरंच रूप भेटलं. पांढऱ्या घोड्यावर, तलवार उगारलेला. 'मातामोरोस', म्हणजे मूरांना, तिथल्या मुसलमानांना, मारणारा. मुसलमान राजवटींशी लढताना ख्रिस्ती राजांनी कोळ्याच्या पोराला सेनापती केलं. घोड्याच्या टापांखालची माणसं दिसू नयेत म्हणून खाली पांढऱ्या फुलांची रास लावलेली.

"मावशी, फुलांखाली काय आहे?" भाचीनं विचारलं.

सांगितलं तेव्हा ती तिथून हललीच नाही. मलाही बरं वाटलं नाही. जो स्वतः तलवारीनं मेला, त्याच्याच हाती तलवार.

गाभाऱ्याखालच्या तळघरात अरुंद जिना उतरतो. जाळीपलीकडे चांदीची पेटी, रांग मागून ढकलत असलेली, अर्धं मिनिटही मिळत नाही. आळंदीच्या सवयीनं मी वाकले, कपाळ थंड लोखंडाला टेकलं. मागच्या माणसानं घाई केली नाही.

बाहेर चौकात फरशीवर बसून आधी टाचेतला दोरा काढला.