दोन मुलं, एक गुडघेदुखी आणि राणीची बाग

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना राणीच्या बागेत न्यायचं ठरलं आणि सासूबाई म्हणाल्या, "मीपण येते." त्यांचे गुडघे जिने चढताना बोलतात. पाच वर्षांचा धाकटा चालायचा कंटाळा आला की रस्त्यात फतकल मारतो. दोघांना एकाच दिवशी सांभाळायचं म्हणजे आधी थोडं डोकं लावणं भाग होतं.

पहिली गोष्ट वाराची. बुधवारी बाग बंद असते, आणि बुधवारी सार्वजनिक सुट्टी आलीच तर त्या दिवशी उघडी ठेवून गुरुवारी बंद ठेवतात. रविवारी जाण्याचा विचार मी पहिल्याच झटक्यात खोडून काढला. नवऱ्याला रजा टाकायला लावून आम्ही मंगळवार धरला. डोंबिवलीहून लोकलने भायखळा, पूर्वेला उतरून टॅक्सी. अंतर चालत जाण्याइतकंच आहे, पण आईंचे गुडघे मला पेंग्विनपर्यंत पुरवायचे होते. डबा गाडीतच उघडला. पोळीभाजीची गुंडाळी पोटात गेल्यावर मुलं आत शिरल्या शिरल्या "भूक लागली" म्हणत नाहीत.

तिकिटाचं गणित सोपं निघालं. मोठ्यांना 50 रुपये, पण आईवडील आणि दोन मुलं अशा कुटुंबाचं मिळून 100 रुपयांत भागतं. आईंना ज्येष्ठ नागरिक म्हणून फुकट. त्यांनी आधार कार्ड असं काही ऐटीत काढलं की मागचे लोकही बघायला लागले.

पेंग्विन सगळ्यात आधी उरकायचे, हे मी ठरवूनच आले होते. दुपार चढली की तिथली रांग लांबते, आणि मग रडारड. आत गारवा, काच, आणि "चला, पुढे चला" म्हणणारे रखवालदार. धाकट्याने काचेला नाक लावलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "बर्फ कुठाय?" बर्फ नाहीच. हे हम्बोल्ट पेंग्विन, मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथे किनाऱ्यावर वाळवंट आणि समुद्रात थंड पाण्याचा प्रवाह, त्यामुळे बर्फाशी यांचा फारसा संबंध येत नाही. 2016 मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ पेंग्विन आणले, पुढे इथेच पिल्लंही जन्मली. म्हणजे त्यातले काही पक्के मुंबईकर. हे ऐकून लेक म्हणाली, "मग त्यांना मराठी कळत असेल."

वाघाकडे गर्दी होती. शक्ती आणि करिश्मा ही जोडी 2020 मध्ये औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून इथे आली, एवढं मी मुलांना सांगेपर्यंत दिसलेला पट्टा झाडीत गेलासुद्धा. मला त्याचं वाईट वाटलं नाही. भर दुपारी वाघाने लोकांसमोर फेऱ्या का घालाव्यात?

पाणघोड्याकडे मात्र आम्ही ठाण मांडलं. पाण्याबाहेर नुसत्या दोन नाकपुड्या, मग त्याही गायब. हा प्राणी एका दमात चार-पाच मिनिटं पाण्याखाली राहू शकतो, म्हणून मुलांनी नवऱ्याच्या मोबाइलवर वेळ लावली. दर खेपेला एकच आरडाओरडा. बाकीचे लोक येत होते, "काहीच दिसत नाही" म्हणून जात होते. मुलं हलायला तयार नव्हती, आणि आईंना बाकावर बसून पाय पसरायला मिळाले.

माझं स्पष्ट मत सांगते. राणीच्या बागेत फक्त प्राणी बघायला जाणारा निम्मा तरी निराश होऊन परततो. ही आधी बाग आहे. 1862 मध्ये ती उघडली ती झाडांची बाग म्हणून, व्हिक्टोरिया गार्डन या नावाने, आणि प्राणी नंतर आले. तीन हजारांहून जास्त झाडं आहेत इथे, अडीचशेहून जास्त जातींची. मध्यंतरी प्राणिसंग्रहालयाच्या मोठ्या विस्ताराचा बेत निघाला, तेव्हा या झाडांसाठी मुंबईतल्याच काही बायकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, म्हणून ती सावली शाबूत राहिली. नोव्हेंबरच्या उन्हात ती सावली आम्हाला किती कामाला आली ते आईंना विचारा.

त्यांचा दिवस तर झाडांनीच केला. गोरखचिंचेच्या बुंध्याला आम्ही पाचही जणांनी हात धरून मिठी मारायचा प्रयत्न केला. कैलासपतीपाशी त्या थबकल्याच. या झाडाला फुलं फांद्यांच्या टोकाला येत नाहीत, थेट खोडातून लोंबतात. फुलाच्या आत पिंडीसारखा गोल आणि त्यावर झुकलेला नागाचा फणा. खाली पडलेलं एक फूल आईंनी धाकट्याच्या तळहातावर ठेवलं आणि पिंड दाखवली. त्याला मात्र वरची तोफेच्या गोळ्यांएवढी फळं आवडली. ती डोक्यात पडतील का, हा त्याचा प्रश्न वाजवी होता, म्हणून आम्ही लगेच बाजूला झालो.

आणखी एक गंमत. फोर्टातला ज्याच्या नावाचा काळा घोडा चौक, तो सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा 1965 पासून इथे उभा आहे. नवरा रोज त्या चौकातून जातो, पण मूळ घोडा त्याने इथे पहिल्यांदा पाहिला. शेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्तीही आहे, ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. संग्रहालयात शिरलो नाही. धाकट्याने फतकल मारली होती.

उर्वशीचं झाड या वेळी बिनफुलांचं होतं. उन्हाळ्याच्या तोंडाला ते लालभडक झुंबरांनी भरतं, असं मी म्हणाले. त्यावर आई म्हणाल्या, "तेव्हा मी भजनी मंडळाला घेऊन येईन. आम्ही सगळ्याच साठीच्या पुढच्या, खर्च फक्त टॅक्सीचा."